"देवानं मला सांगितलं" म्हणजे नक्की काय? पवित्र शास्त्राची (बायबलची) प्रेरणा आणि आईचा एक प्रश्न

पळसफूल

सलाम आणि नमस्कार मंडळी.

बरेच दिवस इथं नुसती वाचत होते. आज लिहिते आहे, कारण घरात एक प्रश्न उभा राहिलाय आणि तो माझ्याच्यानं सुटत नाही.

आमचं गाव दारव्ह्याच्या आत, फाट्यावरून पुढं. चर्चची मंडळी लहान, पंधरा-सोळा घरं. पणजोबांपासून आम्ही ख्रिस्ती. माघात आमच्याच आवारात तीन रात्री सभा झाल्या. बाहेरून एक उपदेशक आले होते. तिसऱ्या रात्री त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांपुढं म्हणाले, "प्रभूनं मला आत्ताच दाखवलं, ही माय बरी झाली. आता गोळ्या घेणं म्हणजे प्रभूला खोटं पाडणं."

आईला नऊ वर्षांपासून साखर आहे. दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्यांची पिशवी पेटीत खाली, लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली. मी नोकरीनिमित्त यवतमाळला, मला पत्ताच नाही. बाराव्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या तेव्हा आई चुलीपुढं बसलेली. तव्यावरची भाकर जळून कोळसा झालेली, धूर घरभर, आणि आई तिच्याकडं नुसती बघत होती. बोलवेना. यवतमाळला आणलं तेव्हा साखर चारशे ऐंशीच्या वर. सहा दिवस दवाखाना. आता घरी आहे. डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, तीही भरत आली आहे.

त्या माणसाविषयी काय करायचं ते आमचे वडीलजन बघतील. मला विचारायचंय ते वेगळंच. परवा मी आईच्या पायाला पट्टी बांधत होते आणि रागात बोलून गेले, "देव असं काही त्याच्याशी बोललाच नव्हता." आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली,

"त्याले देवानं नाई सांगतलं, असं तू म्हनतं. मंग यिर्मयाले देवानं सांगतलं, हे कोनं पाह्यलं?"

यिर्मया म्हणजे शास्त्रातला जुना संदेष्टा. माझी आई शाळेत गेलेली नाही. पण स्तोत्रं तोंडपाठ आहेत तिला, शास्त्रावर तिनं सगळा जन्म काढला. तिचा हा प्रश्न श्रद्धा सुटल्याचा नाही, दुखावल्याचा आहे. तिला मी काय सांगू? शास्त्र "प्रेरित" आहे असं आपण लहानपणापासून म्हणतो. प्रेरित म्हणजे काय?

वावरवाला (मूर्तिजापूर)

ताई, आधी माय सुखरूप आहे याबद्दल प्रभूची उपकारस्तुती. योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय उघडा, पहिलंच वचन. प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. पारख करणं अविश्वास नाही, ती आज्ञा आहे. बाकी जाणकार सांगतीलच.

जुना फळा

पळसफूल, तुमच्या आईंचा प्रश्न इतका नेमका आहे की मी रात्री उठून दिवा लावून बसलो.

माझे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले. आता ती संस्था पुण्याला आहे, १९८३ साली तिकडं गेली, पण सुरू झाली ती १९५३ मध्ये आपल्या यवतमाळातच. वडिलांचं शास्त्र माझ्याकडं आहे. प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ३:१६ जवळ, जिथं मराठीत "परमेश्वरप्रेरित" असं छापलंय, तिथं त्यांनी समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला आहे. "श्वास".

मूळ ग्रीक शब्द आहे थिओप्नेउस्तोस. थिऑस म्हणजे देव, आणि पुढचा भाग फुंकण्याचा, श्वासाचा. देवाच्या श्वासातून आलेला. सगळ्या नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आहे. आपण मराठीत "प्रेरणा" म्हणतो तेव्हा कवीला काही सुचलं किंवा कुणी मागून ढकललं, असं डोळ्यापुढं येतं. ग्रीक शब्दात ते नाही. तिथं उत्पत्तीचा दुसरा अध्याय आठवतो. मातीचा माणूस घडवला आणि त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला. माती मातीच राहिली, पण जिवंत झाली. वडील शिकवायचे की शास्त्रलेखाचंही तसंच समजा. शब्द माणसांचे, हिब्रू आणि ग्रीक, कुठं मेंढपाळाची भाषा, कुठं वैद्याची. त्यांत देवाचा श्वास.

दुसरं वचन पेत्राच्या दुसऱ्या पत्रातलं, १:२१. तिथं माणसं पवित्र आत्म्यानं "वाहून नेली गेली" आणि बोलली, असा भाव आहे. हेच क्रियापद प्रेषितांच्या कृत्यांत २७ व्या अध्यायात पौलाच्या जहाजासाठी आलंय. वादळ इतकं की खलाशांनी जहाज वाऱ्यावर सोडून दिलं. पण जहाजावर माणसं जागी होती. नांगर टाकत होती, सामान फेकत होती, दोऱ्या आवळत होती. वारा नेतोय म्हणून कुणी झोपलेलं नव्हतं.

यावरून एक गोष्ट पक्की होते. देवानं कानात सांगावं आणि लेखकानं टंकलेखकासारखं उतरवावं, एवढीच प्रेरणा नाही. लूक त्याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओळींत काय लिहितो पाहा. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या सगळ्या गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग क्रमवार लिहिलं. "मला दर्शन झालं" असं तो म्हणत नाही. चौकशी केली म्हणतो. पौल करिंथकरांना लिहितो, मी तुमच्यातल्या क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय कुणाला बाप्तिस्मा दिला नाही. लगेच आठवतं, हां, स्तेफनाच्या घरच्यांनाही दिला. आणि पुढं कबूल करतो की याखेरीज कुणाला दिला असेल तर आठवत नाही.

सावळीची सून

सर, तुमचा आदर ठेवून विचारते, कारण मलाही हे टोचतं. पौलाला आठवत नाही हासुद्धा देवाचा श्वास? त्याच तीमथ्याच्या पत्रात पौल म्हणतो, त्रोवसला कार्पाकडं राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण. झगा आण, हे देवाचं वचन कसं? मी शब्बाथशाळेत शिकवते. मागच्या वर्षी एका पोरानं हेच विचारलं आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मनात आहे.

जुना फळा

बाई, विषय बदलल्याचं मनाला लावून घेऊ नका. मीही तीस वर्षं बदलला.

त्या अध्यायात थोडं खाली पौल तीमथ्याला सांगतो, हिवाळ्याच्या आत येण्याचा प्रयत्न कर. म्हातारा माणूस, तुरुंगात, थंडी तोंडावर आलेली, बरोबरचे लोक पांगलेले, जवळ फक्त लूक. त्याला त्याचा झगा हवाय. याच माणसानं याच पत्रात लिहिलं की शास्त्र देवाच्या श्वासातून आलंय. ज्याच्यात देवाचा श्वास आहे त्यालाही थंडी वाजते. देवानं माणूस घेतला तो त्याच्या झग्यासकट, त्याच्या विसरण्यासकट. हे मला फार मोलाचं वाटतं. उद्या कुणी उभा राहिला आणि म्हणाला, माझ्यात आता माणूस उरलाच नाही, बोलतो तो निव्वळ देव, मला तपासू नका, तर शास्त्रातल्या कुठल्या प्रेषितासारखं ते बोलणं आहे? पौलासारखं तर नक्कीच नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो साफ वेगळं करून सांगतो. ही आज्ञा प्रभूची, आणि हे पुढचं मी म्हणतो, प्रभू नव्हे.

चिखलदऱ्याची वाट

मी कॅथलिक. आमच्याकडं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १८ नोव्हेंबर १९६५ रोजी "देई व्हेर्बुम" हा दस्तऐवज दिला. त्यात स्पष्ट आहे की देवानं निवडलेल्या माणसांनी आपली बुद्धी आणि ताकद वापरून लिहिलं आणि ते खरेखुरे लेखक आहेत. आणि शास्त्र जे सत्य शिकवतं ते आपल्या तारणासाठी, असंही तिथं आहे. म्हणजे साखर किती आणि गोळी कोणती याची पुस्तिका म्हणून देवानं शास्त्र दिलेलं नाही.

एक भर घालतो. कोणतं पुस्तक प्रेरित हे कुणा एकट्यानं एका रात्रीत ठरवलेलं नाही. नव्या कराराच्या आजच्या २७ पुस्तकांची तंतोतंत यादी आपल्याला सापडते ती बिशप अथनासियसच्या इ.स. ३६७ च्या ईस्टर-पत्रात. तोवर मंडळ्यामंडळ्यांतून वाचन चाललेलं, काही पुस्तकांवर वाद चाललेले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वाचून, त्यावर जगून, त्यासाठी मरून ओळखलं. तुमच्या उपदेशकानं मात्र एका मिनिटात सांगितलं आणि कुणाला विचारायला जागाच ठेवली नाही. ख्रिस्तसभा मधे नसेल तर प्रेरणा कोण ओळखणार?

जुना फळा

ओळखलं, हा शब्द तुम्ही वापरलात तो बरोबर. ठरवलं म्हणाला असता तर मी वाद घातला असता. आम्ही प्रॉटेस्टंट म्हणतो की मंडळीनं वचन घडवलं नाही, वचनानं मंडळी घडवली. तुमची ७३ पुस्तकं आणि आमची ६६, हा जुना वाद इथं नको. पण लेखक खरेखुरे माणूस होते, यावर दोन्हीकडचं एकमत आहे. शास्त्रात तसूभरही चूक नाही असं म्हणणाऱ्यांनी १९७८ साली शिकागोत जे निवेदन काढलं, त्यातही लिहिलंय की देवानं प्रत्येक लेखकाचा स्वभाव आणि शैली वापरली.

वावरवाला (मूर्तिजापूर)

सरांनी जहाजाचं सांगितलं. मी समुद्र पाहिलेला नाही, मला तूर कळते.

आता थ्रेशर आलं, पण घरापुरती तूर मी अजून हातानंच उपणतो. तिवईवर उभं राहायचं, खालून बायको टोपली देते, ती डोक्याच्या वर धरून हलकी हलकी हलवायची. दाणे सरळ खाली पडतात, कुटार पलीकडं उडून जातं. वारा पडला की थांबायचं. अर्धा दिवस बसून राहिलोय मी वाऱ्यासाठी. टोपली जोरात हलवून वारा येत नाही. आणि वारा चांगला असला तरी हात नीट नसेल तर दाणेही कुटारात जातात. माझा आजा म्हणायचा, सुप्यानं वारा घालून उपणलेली तूर साफ होत नाही. हिब्रूत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे, रूआख, असं पाळकसाहेबांकडून ऐकलं तेव्हा मला खळंच आठवलं.

ताई, त्या रात्री तुमच्या आवारात सुप्यानं वारा घातला गेला.

शेगावची पायवाट

मी वारकरी घरातला. धागा पहिल्यापासून वाचतोय. मध्ये बोलू का? आमचे तुकोबाही म्हणतात, "आपुलिया बळें नाहीं मी बोलत". मग तुमचे संदेष्टे आणि आमचे संत यांत तुम्ही फरक काय मानता? वाद म्हणून विचारत नाही. ताईंच्या आईंसारखा प्रश्न माझ्या आईनंही एका बुवाच्या नादानं सोसलाय.

वावरवाला (मूर्तिजापूर)

दादा, बोला की, धागा सगळ्यांचा आहे. तुमच्या माऊलींनाही नमस्कार.

मी पंडित नाही. मला एवढं दिसतं की वेद अपौरुषेय, म्हणजे त्यांना माणूस कर्ता नाही, असं तुमच्याकडं मानतात. आमच्याकडं उलट आहे. लिहिणाऱ्याचं गाव सांगतात, धंदा सांगतात. आमोस तकोवा गावचा. राजाच्या देवळातला याजक त्याला हाकलतो, इथं संदेश देऊ नको म्हणतो, तेव्हा आमोस म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा पोरगाही नाही. मी गुरं राखणारा आणि रानअंजिरांची निगा करणारा. ती झाडं आपल्या उंबराच्या जातीची. मी कळपामागं होतो, तिथून मला परमेश्वरानं उचललं.

आणि तो बोलतो काय? गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकता. माप लहान करता, वजन मोठं करता, खोट्या तराजूनं फसवता. मी हे आठव्या अध्यायात पहिल्यांदा वाचलं त्या वर्षी माझ्या कापसाला काटा मारला होता. क्विंटलमागं किती गेला ते घरी येऊन दुसऱ्या काट्यावर कळलं. मी व्यापाऱ्याला काही बोललो नव्हतो, उधारी होती त्याची. त्या रात्री आमोस वाचताना अंगावर काटा आला. अडीच हजार वर्षांहून जुना गुराखी माझ्या पाटीतल्या कापसाबद्दल बोलत होता. संतांच्या बोलण्यात देव नाही असं मी म्हणणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण हे पुस्तक मला देवाचं का वाटतं असं विचाराल, तर मला ती रात्र आठवते.

शेगावची पायवाट

पटलं. आमच्या बुवानं आईला कधी काट्याबद्दल सांगितलं नाही. धन्यवाद दादा.

जिवंत पाणी, पुसद

मी पेंटेकॉस्टल मंडळीत आहे. इथं सगळे आत्म्याच्या दानांवरच, म्हणजे दर्शन-संदेशांवरच, घसरतील या भीतीनं लिहितोय. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय. आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं तेही तेव्हा कित्येकांना खटकलं होतं. देव आजही बोलतो असं मी मानतो. माझ्या आयुष्यात बोललाय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सोयाबीन गेलं होतं. रात्री जेवून अंथरुणावर पडलो आणि गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचं नाव मनातून जाईना. त्याच्याशी माझी फार ओळखही नव्हती. उठलो, गाडी काढली. घरात दिवा नव्हता. तो एकटा बाजेवर बसलेला. मला बघून रडायला लागला. सकाळपर्यंत त्याच्याजवळ बसलो. त्या रात्री त्यानं एकटं राहायला नको होतं, एवढंच लिहितो. आज तो आहे, पोरगी बारावीत आहे त्याची.

पण मी त्याला किंवा कुणालाच "देवानं मला पाठवलं" असं म्हटलेलं नाही. "यावंसं वाटलं म्हणून आलो" म्हणालो. देवानं पाठवलं असेल तर त्याला माझ्या घोषणेची गरज नाही. आणि माझं ते वाटणं शास्त्राच्या पंगतीत बसत नाही. आमचे पाळक हे दोन शब्दांत वेगळं करतात. शास्त्रकारांना मिळाली ती प्रेरणा. वाचणाऱ्याला, प्रार्थना करणाऱ्याला मिळतो तो प्रकाश. वरच्याच वचनाच्या पुढं लिहिलंय, सगळ्याची पारख करा, चांगलं ते धरून ठेवा. करिंथकरांस पहिल्या पत्रात १४ व्या अध्यायात तर पद्धतच दिली आहे. दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा. आमच्या मंडळीत कुणी दर्शन सांगितलं की वडीलजन बसतात. ताई, तुमच्याकडं त्या रात्री बाकीच्यांना बोलायची मुभा होती का?

पळसफूल

नव्हती. सगळे "आमेन" म्हणाले. मी तिथं असते तर मीही म्हटलं असतं.

आशाताई, घाटंजी

मी आशा सेविका. घरोघर फिरते, त्यामुळं असं मी एकदाच पाहिलेलं नाही.

शास्त्रातलंच सांगते. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. यशया संदेष्ट्यानं त्याला देवाचा निरोप सांगितला, तू बरा होशील, आणखी १५ वर्षं जगशील. आणि त्याच यशयानं सांगितलं, अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. यशया ३८, वचन २१. देवाचा निरोप आणि पोटीस एकाच तोंडातून. पौल तीमथ्याला सांगतो, तुझ्या पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घेत जा. पौलाबरोबर शेवटपर्यंत राहिलेला लूक, त्याला कलस्सैकरांच्या पत्रात प्रिय वैद्य म्हटलंय. चार शुभवर्तमानांतलं एक देवानं वैद्याच्या हातून लिहून घेतलं. गोळी घेणं देवाला खोटं पाडणं असतं तर हे सगळं शास्त्रात कशाला आलं असतं?

ताई, आईचे तळपाय रोज संध्याकाळी उजेडात बघत जा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. साखरेत पायाला लागलेलं कळत नाही. अनवाणी वावरात जाऊ देऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी कमी नाही की जास्त नाही.

पळसफूल

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. तुरीचं ऐकून ती पहिल्यांदा हसली. आशाताई, पाय रोज बघते आहे.

जुना फळा सर, तुम्ही मला मेसेज करून यिर्मयाचा २८ वा अध्याय वाचा म्हणालात. काल रात्री वाचला. इथं सगळ्यांना सांगते, कारण आईच्या प्रश्नाचं उत्तर आईलाच सापडलं.

यिर्मया मानेवर लाकडी जू घालून फिरत होता. बाबेलचं जू, म्हणजे बाबेलच्या राजाची सत्ता, सोसावं लागेल, हा त्याचा संदेश. देवळात, सगळ्या लोकांपुढं, हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहतो आणि म्हणतो, परमेश्वर असं म्हणतो, दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलनं नेलेली देवळाची भांडी परत, राजा परत, धरून नेलेले लोक परत. दोघंही "परमेश्वर असं म्हणतो" हेच शब्द वापरतात. अगदी तेच. मी वाचता वाचता थांबले. आईचा प्रश्न शास्त्रानं स्वतःच मांडून ठेवला होता.

यिर्मया काय करतो? तो हनन्याला खोटारडा म्हणत नाही. तो म्हणतो, "आमेन! परमेश्वर तसंच करो." त्यालाही तेच हवं होतं. मग सांगतो की शांतीचा संदेश देणाऱ्याची परीक्षा तो संदेश खरा ठरल्यावर होते. हनन्या त्याच्या मानेवरचं जू काढून मोडून टाकतो. लोकांना काय आनंद झाला असेल! आणि यिर्मया आपल्या वाटेनं निघून जातो. त्याच्याजवळ त्या क्षणी उत्तर नाही. देवाचा शब्द नंतर येतो, तेव्हाच तो परत येऊन बोलतो, की देवानं तुला पाठवलेलं नाही. आणि दोन वर्षांचा वायदा करणारा हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला.

आई बाजेवर बसली होती, पाय उशीवर. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाली, "थांब. पुन्हा वाच. तो निंघून गेला ते."

मी पुन्हा वाचलं.

"त्याले सोताले ते सांगाचं नोतं," आई म्हणाली. "ज्याले सांगाचं नसते अन्‌ तरी सांगा लागते, त्याले देवानं सांगतलं असंन. त्या दिवशी त्या मानसाले लय आनंद होत होता सांगाले. मले बी होत होता ऐकाले."

मग तिनं पेटी उघडायला लावली, लुगड्यांच्या घडीतून ती पिशवी काढली. जुन्या गोळ्या होत्या, तारीख गेलेलं एक पाकीट. ते चुलीत टाकायला सांगितलं आणि नवीन पाकिटातली एक हातात घेऊन पाणी मागितलं.

जुना फळा

पळसफूल, तुमच्या आईंनी जे सांगितलं ते मी चाळीस वर्षं शिकवून मला सांगता आलं नसतं. विसाव्या अध्यायात यिर्मया हेच बोलतो. वाटतं आता त्याचं नाव काढू नये, पण हाडांत कोंडलेल्या आगीसारखं होतं, आवरून आवरून थकतो.

सावळीची सून

एक शंका राहिली. आपण सगळे मराठीतून वाचतो. देवाचा श्वास हिब्रू-ग्रीकमध्ये होता, तर भाषांतरात किती उरतो?

चिखलदऱ्याची वाट

यावर थोडं वाचलंय. मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार १८११ साली छापला, तेव्हा त्यांच्या मराठीच्या कामात पंडित वैजनाथ होते, नागपूरकडचे. म्हणजे त्या पहिल्या छापील मराठी शास्त्रात आपल्या बाजूच्या बोलीचा अंश होता. आणि रमाबाईंनी तर मूळ भाषा स्वतः शिकून सगळं शास्त्र मराठीत आणलं. खेड्यातल्या साध्या बायकांना वाचून कळावं हा त्यांचा हट्ट होता. छापखाना मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्याही बायका. १९२२ साली त्या गेल्या, त्याआधी काम पुरं केलं, पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. श्वास उरतो की नाही हे मी तर्कानं सांगू शकत नाही. पण पवित्र आत्मा उतरला त्या पेंटेकॉस्टच्या दिवशी जमलेल्या प्रत्येकानं आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. देवानं सगळ्यांना एक भाषा शिकवली नाही, प्रत्येकाच्या भाषेत तो गेला.

सावळीची सून

धन्यवाद. या रविवारी पोरांना झग्याचं सांगणार आहे.

पळसफूल

वडीलजन काल बसले. यापुढं बाहेरचा कुणी दर्शन सांगत असेल तर आधी मंडळीत दोघा-तिघांनी ऐकायचं, आणि औषधाबद्दल कुणीही काही बोलायचं नाही, असं ठरलं. जिवंत पाणी दादा, तुमचा प्रतिसाद मी छापून नेला होता, तो तिथं वाचला गेला.

आज रात्री ३६ वा अध्याय वाचतोय. यिर्मया तोंडानं सांगतो, त्याचा लेखनिक बारूख शाईनं लिहितो. हिवाळा, राजापुढं शेगडी पेटलेली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूनं तेवढा पट्टा कापून आगीत टाकतो, असं करत करत सगळी गुंडाळी जाळतो. मग यिर्मया दुसरी गुंडाळी घेतो, बारूख पुन्हा सगळं लिहितो, आणि त्यात आणखी तसल्याच पुष्कळ वचनांची भर पडते.

आई विचारते आहे, दुसऱ्यांदा लिहिताना बारूखाचा हात दुखला असेल का, आणि हे त्यानं यिर्मयाला सांगितलं असेल का. कुणाला काही माहीत असेल तर लिहा, मी तिला वाचून दाखवीन.